कागदावरचा पंधरा सेंटिमीटरचा चौकोन : एक आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात हरसूलच्या रस्त्यावरून टिपलेले रोझेट तेजोमेघाचे छायाचित्र पाहून अनेकांनी मला कॅमेऱ्याचे नाव विचारले. मी नाव सांगितले, पण तेवढ्याने उत्तर पुरे झाले असे मला एकदाही वाटले नाही, कारण तो कॅमेरा निवडायला आपण मला ज्या रीतीने शिकवले, ते त्या नावात कुठेच येत नाही. म्हणून हे आभार आपल्यापुरते न ठेवता सर्वांसमक्ष मानत आहे.

मागच्या मार्चमध्ये मी पंचवटीत आपल्या घरी आले, तेव्हा माझा निर्णय जवळजवळ झालेला होता. दोन हिवाळे साध्या डीएसएलआरने रोझेट टिपण्याचा प्रयत्न केल्यावर हाती केवळ राखाडी धुरासारखे काहीतरी आले होते. त्या तेजोमेघाचा बहुतेक प्रकाश हायड्रोजनच्या 656.3 नॅनोमीटरच्या तांबड्या रेषेत असतो आणि डीएसएलआरच्या सेन्सरसमोरची काच नेमका तोच प्रकाश मोठ्या प्रमाणात अडवते, हे मला समजले होते. त्यामुळे आकाशासाठीच बनवलेला कॅमेरा घ्यायचा हे पक्के होते. चौकशी केली त्या दुकानाने मोठ्या, म्हणजे जवळपास माझ्या डीएसएलआरएवढ्याच, एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा झेडडब्ल्यूओ एएसआय 2600 एमसी प्रो सुचवला होता आणि मी पैसे भरण्याच्या बेतात होते. आपण त्या कॅमेऱ्याला नावे ठेवली नाहीत. आपण फक्त विचारले, "दुर्बीण कोणती आहे, आकाश कुठले मिळणार आहे आणि वर्षातून रात्री किती मिळतील?"

माझी दुर्बीण 80 मिलिमीटर व्यासाची आणि 480 मिलिमीटर नाभीय अंतराची आहे. तिच्यातून डीएसएलआरने काढलेले एक छायाचित्र आपण मला ए-फोर कागदावर छापून आणायला सांगितलेत. ते टेबलावर ठेवून आपण भिंग माझ्या हातात दिलेत आणि कोपऱ्यातले तारे पाहायला लावलेत. मधले तारे गोल होते, पण कडेचे सगळे तारे मध्याकडे रोखलेल्या तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट झाले होते. मग आपण पट्टी घेऊन बरोबर मध्यभागी पंधरा सेंटिमीटर बाजूचा चौकोन शिसपेन्सिलीने आखलात. माझ्या डीएसएलआरचा सेन्सर 22.3 मिलिमीटर रुंद आणि आपण सुचवलेल्या लहान कॅमेऱ्याचा, एएसआय 533 एमसी प्रोचा, चौरस सेन्सर 11.3 मिलिमीटरचा, म्हणून छापील चित्राच्या निम्म्या रुंदीचा चौकोन. त्या चौकोनात एकही तारा लांबट नव्हता. जवळजवळ दुप्पट पैसे देऊन मी जो जास्तीचा भाग विकत घेणार होते, तो माझ्या दुर्बिणीला नीट दाखवताच येत नव्हता. तो कागद मी जपून ठेवला आहे.

त्याच बैठकीत आपण गणित मांडून घेतलेत. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यायचा, त्याला 206.265 ने गुणायचे आणि नाभीय अंतराने भागायचे. 533 च्या 3.76 मायक्रॉनच्या प्रत्येक पिक्सेलला माझ्या दुर्बिणीतून आकाशाच्या 1.62 विकला मिळाल्या. (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग; आर्कसेकंदाऐवजी 'विकला' म्हणण्याचा आपला आग्रह आता माझाही झाला आहे.) आपल्याकडच्या हवेच्या थरथरीत तारा बहुधा दोन-तीन विकलांहून बारीक दिसत नाही, तेव्हा याहून लहान पिक्सेल घेऊन फारसे काही साधले नसते. दृश्यक्षेत्र निघाले 1.35 अंश. त्यात मृगातला तेजोमेघ सहज मावतो, रोझेट जेमतेम मावतो आणि तीन अंशांहून लांब पसरलेली देवयानी दीर्घिका मावत नाही. ही उणीव आपण स्वतःहून मला सांगितलीत आणि ती मान्य असेल तरच हा कॅमेरा घे, असे बजावलेत.

माझी सर्वांत मोठी समजूत मात्र एप्रिलमध्ये आपल्या गच्चीवर बदलली. कूल्ड, म्हणजे सेन्सर थंड ठेवणारा, कॅमेरा म्हणजे चित्रात केवळ कमी नॉइज (नको असलेले ठिपके), असे मी धरून चालले होते. रात्री नऊच्या सुमारास हवा 28 अंशांवर होती. आपण आपल्या मोनो, म्हणजे कृष्णधवल, कॅमेऱ्याला झाकण लावून, कूलिंग बंद ठेवून पाच मिनिटांचे एक्सपोजर घेतलेत. स्क्रीनवर सेन्सरचे तापमान 33 अंश दिसत होते आणि पूर्ण काळे असायला हवे ते चित्र काळ्या कापडावर तीळ सांडावेत तसे पांढऱ्या ठिपक्यांनी भरले होते. मग कूलिंग सुरू करून उणे 5 वर आणलेत आणि तेवढाच वेळ एक्सपोजर दिलेत. तीळ जवळजवळ नाहीसे झाले. तापमान साधारण सहा अंशांनी उतरले की सेन्सरमधला हा उष्णतेचा प्रवाह निम्मा होतो, म्हणजे 38 अंशांच्या उताराने तो सहा वेळा निम्मा होऊन सुमारे चौसष्टाव्या भागावर येतो, हे आपण बोटांवर मोजून दाखवलेत. पण त्याहून मोलाची गोष्ट आपण त्यानंतर सांगितलीत : तापमान खाली जाण्याइतकेच ते रात्रभर एकाच आकड्यावर टिकणे महत्त्वाचे, कारण उरलेले ठिपके वजा करण्यासाठी जे डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेली काळी चित्रे) लागतात ते त्याच तापमानाचे, तेवढ्याच वेळेचे आणि त्याच गेनचे (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा त्या पातळीचे) असावे लागतात. डीएसएलआर रात्रभर तापत-निवत राहतो, म्हणून त्याचे डार्क कधीच नीट जुळत नाहीत. माझ्या दोन हिवाळ्यांचे अपयश असे निम्मे त्या काचेचे आणि निम्मे या तापमानाचे होते, हे मला त्या गच्चीवर कळले.

आपण स्वतः मोनो कॅमेरा वापरत असूनही मला रंगीत घ्यायला सांगितलेत, याचे त्या वेळी नवल वाटले होते. आज ते पटते. जून ते सप्टेंबर नाशिकचे आकाश बंद असते. उरलेल्या महिन्यांतून चांदण्याच्या रात्री वजा करायच्या आणि मला फक्त शनिवारी बाहेर पडता येते. एवढ्या थोड्या रात्रींमध्ये प्रत्येक रंगासाठी निराळा फिल्टर लावून तास घालवणे मला जमले नसते.

पावसाळा संपल्यावर मी एएसआय 533 एमसी प्रो घेतला. जानेवारीत त्र्यंबकेश्वर मागे टाकून हरसूलच्या वाटेवर थांबलो, तेव्हा शहराचा उजेड पूर्वेला पडत होता, म्हणून मृग आणि त्यापाठोपाठ रोझेट दक्षिणेला उंच येईपर्यंत आम्ही वाट पाहिली. सेन्सर उणे 10 वर, गेन 100, पाच-पाच मिनिटांची 32 एक्सपोजर. पहिल्याच चित्रात, काहीही प्रक्रिया न करता, रोझेटची तांबडी कडी दिसली. रात्री साडेदहा वाजून गेले नसते, तर मी तिथूनच आपल्याला फोन केला असता.

उन्हाळ्यासाठी 0 अंशांचे आणि हिवाळ्यासाठी उणे 10 चे, असे डार्क फ्रेमचे दोन संच आपण सांगितल्याप्रमाणे तयार करून ठेवले आहेत. आपण दिलेला दोन इंची अ‍ॅडाप्टर अजून माझ्याकडेच आहे. येत्या रविवारी तो परत द्यायला येते आणि रोझेटची छापील प्रत सोबत आणते. भिंग तेवढे काढून ठेवावे, कोपऱ्यांतले तारे आपण तपासावेत अशी माझी इच्छा आहे.

आपली कृतज्ञ,
इंदिरानगर, नाशिक