रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग : पहिली चाचणी आणि गुणांची विभागणी

विद्यार्थीमित्रहो,

पहिली चाचणी येत्या सोमवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्याच वर्गात. वेळ ९० मिनिटं. दर-समीकरणं (अभिक्रियेच्या वेगाची सूत्रं) आणि बॅच, सीएसटीआर (सतत ढवळली जाणारी प्रवाही टाकी), पीएफआर (नळीसारखा प्रवाही रिअॅक्टर) हे रिअॅक्टर एवढंच येईल, तेही स्थिर तापमानाला. ऊर्जेचा ताळेबंद दुसऱ्या चाचणीला.

१०० गुण असे :
• गृहपाठ २०
• दोन चाचण्या, प्रत्येकी २०
• गटप्रकल्प १५
• अंतिम परीक्षा २५

गृहपाठ दर शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत. एक दिवस उशीर झाला तर निम्मे गुण, त्यानंतर शून्य. आपसात चर्चा जरूर करा, पण लिहायचं स्वतःचं स्वतः. प्रकल्पासाठी तिघांचा गट. नावं याच शुक्रवारी द्या.

चाचणीला कॅल्क्युलेटर चालेल, मोबाइल नाही. हाताने लिहिलेला सूत्रांचा एक कागद आणता येईल. मात्र त्यावरून थेट अंतिम सूत्र उतरवलंत तर गुण कापले जातील; सुरुवात मोल ताळेबंदापासूनच (आत आलेले, बाहेर गेलेले आणि अभिक्रियेत बदललेले मोल यांच्या हिशोबापासून) हवी. वायुरूप अभिक्रियेत मोलांची संख्या बदलली की आकारमानी प्रवाहही बदलतो. हे दरवर्षी निम्मा वर्ग विसरतो! अर्‍हेनियसच्या समीकरणात, म्हणजे तापमानानुसार अभिक्रियेचा वेग कसा बदलतो ते सांगणाऱ्या सूत्रात, तापमान केल्विनमध्येच घाला.

उत्तर पडताळायला एक खूण : पहिल्या कोटीची, घनता न बदलणारी अभिक्रिया असेल आणि दर-स्थिरांक व अवकाश-काल (रिअॅक्टरचं आकारमान भागिले आकारमानी प्रवाह) यांचा गुणाकार १ असेल, तर सीएसटीआरमध्ये रूपांतरण (अभिकारकाचा वापरला गेलेला भाग) ५० टक्के, पीएफआरमध्ये सुमारे ६३. उलटं आलं तर पेपर देण्याआधी पुन्हा मांडणी बघा.

शंका गुरुवारच्या तासाला विचारा, रविवारी रात्री नको.