‘अभेद्य’ म्हणण्यापूर्वी

संपादक महोदय,

क्वांटम तंत्रज्ञानाची बातमी आली की ‘अभेद्य संदेश’ हे शब्द हमखास येतात. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला ते खटकतात, कारण या विषयातली खरी गंमत त्यामुळे हरवते.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये सिद्ध केले की पूर्ण गुप्ततेसाठी गुप्त किल्ली, म्हणजे संदेश उलगडणारा सांकेतिक आकडा, निदान संदेशाइतकी लांब हवी. मात्र 2004 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डिव्हिन्चेन्झो आणि सहकाऱ्यांनी थक्क करणारी गोष्ट दाखवली. संदेश क्वांटम अवस्थांत, म्हणजे प्रकाशकणांसारख्या सूक्ष्म कणांच्या स्थितींत गुंफला, तर अवघ्या एका बिटची (0 किंवा 1 एवढीच) किल्ली त्यातली निम्मी माहिती कुलूपबंद ठेवू शकते! अवस्था कोणत्या पद्धतीने मोजायची, एवढेच किल्ली सांगते. ते ठाऊक नसलेल्याने चुकीचे मापन केले की अवस्था बदलते, आणि मग हाती किल्ली आली तरी उपयोग नाही. 2016 मध्ये असे कुलूप प्रयोगशाळेत प्रकाशकणांवर साकारलेही.

पण चोराने मापन न करता त्या अवस्था क्वांटम स्मृतीत, म्हणजे त्या न मोजता साठवणाऱ्या साधनात, जपून ठेवल्या आणि पुढे किल्ली मिळवली, तर? सगळे उघडे पडते. म्हणजे सुरक्षितता चोराच्या साधनांवरही अवलंबून आहे.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी 2023 मध्ये सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर झाले. पुण्यातील आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) हीही क्वांटम संशोधनात आहे. कोणती पद्धत कोणत्या गृहीतकावर उभी आहे, हे तिथल्या संशोधकांकडून आपल्या विज्ञान पुरवणीत मराठीत लिहून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, पुणे