गुडघे टेकलेला गोलंदाज

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. खेळाडूंनी आपला धर्म घरी ठेवून मैदानात उतरावं, म्हणजे हे सगळे वाद आपोआप मिटतील, असं तू लिहिलंयस. तुझ्या मनात कुणाबद्दल आकस नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, तू या रोजच्या भांडणांना विटला आहेस. तरी मला ते पटलेलं नाही, आणि का पटलं नाही हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

मोहम्मद शमीचंच घे. २ नोव्हेंबर २०२३, वानखेडेवर वर्ल्ड कपची मॅच. श्रीलंका ५५ धावांत गारद, शमीचे १८ धावांत ५ बळी. पाचवी विकेट मिळाल्यावर तो गुडघ्यांवर खाली बसला, जरा पुढे वाकला आणि उठला. घडलं ते एवढंच. पण त्या दोन-चार सेकंदांवरून लोकांनी केवढं रान उठवलं! म्हणे सजदा करणार होता, म्हणजे नमाजात टेकतात तसं कपाळ जमिनीला टेकणार होता, मग घाबरला आणि मध्येच थांबला. पुढे महिन्याभराने एका मुलाखतीत त्याला यावर खुलासा करावा लागला. ताकदीबाहेर जोर लावून टाकत होतो, दमलो होतो, असं तो म्हणाला. सजदा करायचाच असता तर मला कोण अडवणार होतं, मी मुसलमान आहे आणि भारतीय आहे, दोन्ही अभिमानाने सांगतो, असंही म्हणाला. त्या स्पर्धेत ७ सामन्यांत २४ विकेट काढणाऱ्या माणसाला आपण दमून खाली बसलो होतो हे पटवून द्यावं लागलं, सुहास. मला ते फार लागलं.

आता पुढचं बघ. ४ मार्च २०२५, दुबई, चॅम्पियन्स ट्रॉफीची सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया. रमजान चालू. शमीने १० षटकं टाकली, ४८ धावांत ३ बळी घेतले आणि मध्ये कधीतरी बाटलीतून दोन घोट पेय घेतलं. तुझ्या सल्ल्याबरहुकूम वागला म्हण ना, आधी खेळ बघितला. तर एका मौलानांनी त्याला रोजा न ठेवल्याबद्दल गुन्हेगार ठरवलं. प्रवासात असणाऱ्याला रोजा नंतर भरून काढायची मुभा त्यांच्याच धर्मात आहे, आणि इतर काही धर्मगुरूंनी ते लगेच दाखवूनही दिलं. २०१२ साली ओव्हलवर दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने नाबाद ३११ केल्या, तेव्हाही रमजान होता आणि त्यानेही हीच मुभा घेतली होती.

म्हणजे खाली वाकला तर एका बाजूच्या डोळ्यांत सलतो, पाणी प्यायला तर दुसऱ्या बाजूच्या. त्याने धर्म नेमका कुठे ठेवायचा, सांग? वाद त्याने मैदानात आणलेलाच नसतो. तो बघणाऱ्यांनी आणलेला असतो. तुझा सल्ला चुकीच्या माणसाला आहे असं मी म्हणतो ते यासाठी.

आणि हरल्यावर तर या गोष्टी जास्तच उफाळतात. २४ ऑक्टोबर २०२१ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानने आपल्याला १० गडी राखून हरवलं. शमीच्या ३.५ षटकांत ४३ धावा गेल्या. विकेट त्या दिवशी आपल्या कुणालाच मिळाली नव्हती. पण 'गद्दार' ठरला एकटा शमी. कोहलीने पत्रकार परिषदेत उघड सांगितलं की धर्मावरून एखाद्यावर हल्ला करण्याइतकं हीन काही नाही. कर्णधार असाच असावा. त्याची किंमत त्याने मोजली, त्याच्या तान्ह्या मुलीबद्दल धमक्या आल्या आणि त्या प्रकरणी एकाला अटक झाली.

पुढच्या वर्षी, ४ सप्टेंबर २०२२ ला, पाळी अर्शदीप सिंगची. आशिया कप, पुन्हा पाकिस्तान, अठराव्या षटकात रवी बिश्नोईच्या चेंडूवर आसिफ अलीचा सोपा झेल त्याच्या हातून सुटला. लगेच 'खलिस्तानी'. विकिपीडियावरच्या त्याच्या पानातसुद्धा कुणीतरी हात घातला. पण शेवटचं षटक आठव. पाकिस्तानला ७ धावा हव्या होत्या, चेंडू त्याच अर्शदीपच्या हातात होता, आणि त्याने ती मॅच पाचव्या चेंडूपर्यंत खेचली. मध्ये ज्याचा झेल सुटला होता त्या आसिफलाच पायचीत केलं. तेवीस वर्षांचा पोरगा होता रे! २०२४ च्या वर्ल्ड कपमध्ये त्याने १७ विकेट घेतल्यावर तेच लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचले.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. २००६ मध्ये कोलंबो कसोटीत आमलाने झेल घेतला आणि कॉमेंट्री बॉक्समध्ये ऑस्ट्रेलियाचा माजी फलंदाज डीन जोन्स त्याला 'अतिरेकी' म्हणाला. माइक चालू आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं. त्याने माफी मागितली, चॅनेलने त्याला घरी पाठवलं. आमलाची चूक कोणती, तर दाढी. पाकिस्तानातही तेच. फिरकी गोलंदाज दानिश कनेरिया हिंदू म्हणून संघातले काही जण त्याच्यासोबत जेवायला नाराज असत, हे २०१९ मध्ये त्याच संघातल्या शोएब अख्तरनेच सांगितलं. आणि त्यांचा यष्टिरक्षक रिझवान याने हिंदूंसमोर मैदानात नमाज पढली याचं त्यांच्याच माजी कर्णधाराने, वकार युनूसने, टीव्हीवर विशेष कौतुक केलं, मग चहूबाजूंनी टीका झाल्यावर माफी मागितली. रिझवानची प्रार्थना त्याची स्वतःची होती. तिचा झेंडा केला तो वकारने.

तू विचारशील, मग खेळाडू खरंच द्वेष पसरवत असेल तर? तर त्याला जाब विचारायलाच हवा. डिसेंबर २०१३ मध्ये फ्रेंच फुटबॉलपटू निकोलस अनेल्काने गोल केल्यावर ज्यूविरोधी समजली जाणारी खूण केली, त्याला पाच सामन्यांची बंदी आणि ८० हजार पौंड दंड झाला. २०२२ मध्ये बास्केटबॉलपटू कायरी अर्व्हिंगने ज्यूविरोधी मजकूर असलेल्या एका माहितीपटाची लिंक पुढे पाठवली आणि सुरुवातीला माफी मागायला नकार दिला, तेव्हा त्याच्या क्लबने त्याला निलंबित केलं. दोन्ही वेळा मला ते योग्य वाटलं. कारण तिथे माणसाने काहीतरी केलं होतं, आणि त्याचा हिशेब मागितला गेला. शमीने, अर्शदीपने, आमलाने काय केलं होतं? ही रेघ आपण धरून ठेवली नाही, तर कट्टरपणाविरुद्ध बोलण्याचा आपला हक्कच संपतो.

इजिप्तचा मुसलमान फुटबॉलपटू मोहम्मद सलाह याचं उदाहरण लोक फार कौतुकाने देतात. तो लिव्हरपूलला आल्यानंतर त्या भागातले द्वेषातून होणारे गुन्हे अंदाजापेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाले, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं. आनंदच आहे. पण मला त्यात एक काटा टोचतो. सलाह गोल करतो म्हणून शेजारचा मुसलमान बरा वाटायला लागला, तर ज्याला फुटबॉलला लाथसुद्धा मारता येत नाही त्याचं काय? आणि सलाहचे गोल आटले की?

एका ठिकाणी मात्र आपलं जमणार नाही असं दिसतंय. ऑस्ट्रेलियाचा मुसलमान फलंदाज उस्मान ख्वाजा याला २०२३ च्या पर्थ कसोटीत, गाझातल्या लोकांसाठी, बुटांवर 'सगळ्यांचे जीव सारखेच' असं लिहून खेळायचं होतं, क्रिकेटची जागतिक संघटना आयसीसीने परवानगी नाकारली. तो काळी फीत बांधून उतरला, त्याबद्दलही ताकीद मिळाली. तू म्हणतोस नियम म्हणजे नियम. मला वाटतं, त्या वाक्यात कुठल्याच धर्माचं नाव नव्हतं, आणि तेच दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर कदाचित एवढी खळखळ झाली नसती. हे सिद्ध करता येणार नाही, कबूल. पण तुझं म्हणणं जरा सविस्तर लिही, चार ओळींत गुंडाळू नकोस.

तुझा,
अनिरुद्ध