मनीऑर्डरची कुपनं आणि चौथीचा वर्ग

प्रिय मिल्या,

फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून पत्र. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे, ते शेवटी.

सध्या वर्गात स्थलांतर हा विषय चाललाय. चौथीला इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, त्यामुळे यासाठी शनिवारची सकाळ काढलीय. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला आणि पुढे कोकणातली कर्ती माणसं तिकडे जात राहिली, हे सांगायला पाच मिनिटं लागली. 'का गेली?' यावर मात्र तास गेला. वाटण्या होऊन उरलेली वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन, खोताला, म्हणजे गावच्या वतनदाराला, भरायचा मक्ता (ठरलेला खंड), पाऊस सरला की हाताला काम नाही, हे पोरांनी घरी ऐकलेलं असतं. त्याला इतिहास म्हणतात हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

मग म्हटलं, आजीला विचारून या. एक मुलगी पत्र्याचा डबाच घेऊन आली. आत मनीऑर्डरची कुपनं. पोस्टमन पैसे मोजून झाल्यावर फॉर्मचा तुकडा फाडून हातात द्यायचा बघ, ती. आजोबा परळला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. एका कुपनावर लिहिलंय, 'पावसाआधी घर शाकारून घ्या. म्हैस विकू नका.' झालं! मुंबईत बसून आजोबांनी म्हशीचं का ठरवायचं, यावर वर्ग पेटला. आजीने ती विकलीच होती, हे कळल्यावर मुलींनी टाळ्या वाजवल्या.

माझं म्हणशील तर, स्थलांतराचा निम्मा इतिहास मागे राहिलेल्या बायकांचा आहे. शेती, गुरं, म्हातारी माणसं, भावकीची भांडणं, सगळं त्यांनीच ओढलं. आपण नकाशावर रत्नागिरीहून मुंबईकडे बाण काढतो आणि बाणाच्या शेपटाकडे बघतच नाही.

वर्गात एक नेपाळी पोरगाही आहे, वडील आंब्याच्या बागेत राखणीला. बाकीच्यांच्या आजोबांचं कौतुक चाललेलं, हा गप्प. शेवटी कुणीतरी विचारलं, "तुम्ही गणपतीला गावी जाता?" म्हणाला, "दसैंला." मग सगळे त्याच्या आजीच्या मागे लागले. एकटी राहते का? पैसे कसे पाठवता? "फोनवरून." कुपन मिळत नाही म्हणून पोरं हळहळली. 'नेपाळ्यांचं कशाला शिकवता?' अशी एका पालकाची कुरकुर कानावर आली. येऊ दे.

आता काम. पुढच्या खेपेला 1982 चा गिरणी संप घ्यायचाय. 18 जानेवारी, संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे मी फळ्यावर लिहीन. पण तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही म्हटल्यावर पोरं विचारणारच, मग संपला कधी? ते गिरणीत काढलेल्या तुझ्या अण्णांनी सांगावं. बदली कामगार असताना पहाटे गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर आल्या पावली खोलीवर, तेही त्यांच्याच तोंडून हवं. मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठव. गिरणीचा पास जपून ठेवला असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढ.

आणि काकूंचं वेगळं रेकॉर्ड कर. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या गावीच होत्या ना? अण्णा शेजारी असले की त्या 'ह्यांनाच विचार' म्हणून मोकळ्या होतात, तेव्हा अण्णांना आधी बाजारात पिटाळ.

तुझा,
बाळ्या