मूळ फोन कुठंय?

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "सगळं कॉम्प्युटरवर गेलं, मग वकिलाला काम काय उरलं?" तेवढ्यात माझं प्रकरण पुकारलं आणि उत्तर राहून गेलं.

सोमवारी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची उलटतपासणी झाली. व्यापाऱ्याकडे कापसाचे पैसे अडकलेत. पावती नाही. आहे तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्यापाऱ्याचा आवाज, "दादा, पोळ्यापर्यंत सगळे देतो." पोराने ते रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून मला दिलं आणि जुना फोन दुकानात देऊन नवा घेतला. समोरच्या वकिलांनी विचारलं, "मूळ फोन कुठंय?" काका पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत राहिले. ती नजर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. फोन जपून ठेवा, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

तुम्हाला जालन्याची २०१४ ची निवडणूक आठवत असेल, २९६ मतांनी लागलेली. अर्ज वेळेत भरला की उशिरा, हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरायचं होतं. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं, की नक्कल द्यायची तर ती कुठल्या यंत्रातून, कशी काढली याचं प्रमाणपत्र हवंच. मात्र मालकाने मूळ फोनच साक्षीत आणून शाबीत केला, तर त्याची गरज नाही. म्हणून तो फोन हवा होता, बाबा.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा आलाय. आता प्रमाणपत्राचे दोन भाग: एक पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा. त्यात रेकॉर्डिंगची हॅश लिहायची, म्हणजे कॉम्प्युटरने काढलेला त्या फाइलचा अंगठ्याचा ठसाच. बहुतेक वेळा ती चौसष्ट अक्षर-अंकांची ओळ असते. फाइलमध्ये तसूभर बदल झाला, की अख्खी ओळ बदलते. तुम्ही कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली शपथपत्रं टाइप करायचात, तेव्हा खाडाखोड झाली की तिथंच सही घ्यायचात ना? तेच काम आहे हे. पण तज्ज्ञ गाठायचा, त्याची फी द्यायची, हे कापूस विकणाऱ्या माणसाने कसं करावं? मला याचा राग येतो. काकांसाठी तज्ज्ञाकडे मीच जाऊन आले. रेकॉर्डिंगला अजून निशाणी पडलेली नाही, म्हणजे कोर्टाने ते पुरावा म्हणून घेतलेलं नाही.

बाकी ई-फायलिंगची सवय झाली. एआय क्षणात निवाडे काढून देतं, पण त्यातले काही मुळात नसतातच. म्हणून प्रत्येक निकाल मी स्वतः उघडून वाचते. रात्री उशीर होतो तो त्यामुळे. जेवण वेळेवर होतं, आई, काळजी करू नकोस.

आणि तुझा फोन बदलायचा म्हणत होतीस, तो मी दिवाळीला येईपर्यंत कुणाला देऊ नकोस. आजीने पाठवलेले आवाजाचे मेसेज त्यातच आहेत.

तुमची लेक