कांथ्याची जमीन

प्रिय मीनल,
सप्रेम नमस्कार.

आजीच्या विरलेल्या सुती साड्यांचा कांथा करायचा म्हणतेस, फार छान. बंगालात कांथा, म्हणजे तिकडची गोधडी, असाच होत आला आहे: जुन्या साड्या-धोतरांचे थर, आणि नक्षीला किनारीतून उसवून काढलेला रंगीत दोरा.

हलक्या पांघरुणाला तीन-चार थर पुरेत. साड्या आधी गरम पाण्यातून काढ, खळ सगळी निघू दे, नाहीतर सुई रेटावी लागते. लाल किनार वेगळी भिजवून रंग जातो का ते बघ. नव्या कापडाचा थर मात्र मधे घालू नकोस. पहिल्या धुण्यात ते आटतं, जुनं आटत नाही, आणि चुण्या पडतात. थर जमिनीवर ताणून पसर, कडांवर वजनं ठेव आणि मधून कडेकडे जात वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाल. कडेपासून सुरुवात केलीस तर मधे कापडाचा फुगा राहतो, तो मग बसता बसत नाही.

मधोमध कमळ, चार कोपऱ्यांत झाडं किंवा कोयऱ्या. आधी बाह्यरेषा, मग भरण. खरी मेहनत त्यानंतरची: उरलेली पांढरी जमीन, म्हणजे नक्षीभोवतीचं मोकळं कापड, पांढऱ्याच दोऱ्याने, साध्या धावदोऱ्याने भरायची. ओळी पाकळीला लागून सुरू होतात आणि आकाराभोवती फिरत बाहेर पसरतात. दोरा किंचित ओढलेला असतो, म्हणून कापडावर बारीक लाटा उठतात. जास्त ओढलास तर कडा वळतात. गाठ थरांच्या आत लपव.

कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी दासीने वडिलांसाठी शिवलेला कांथा आहे. १९व्या शतकातल्या त्या बाईचं नाव आपल्याला कळतं ते तिने स्वतःच ते टाक्यांत घातलं म्हणून!

आज बीरभूमकडे, बोलपूर-नानूरच्या गावांत, बायका घरकाम उरकून तसर रेशमाच्या साड्यांवर हाच टाका घालतात. कापड एकपदरी, नक्षी खाक्यावरून उतरवलेली, मजुरी नगावर. दर पाडला की आधी जमिनीवरचे टाके जातात, मग टाका लांबतो. बाईचा हात तोच असतो, वेळ काढून घेतलेला असतो. कांथा करणाऱ्या प्रीतिकणा गोस्वामींना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण नगाचा दर वाढायला हवा, हेही तितकंच खरं.

तिकडची साडी घेशील तेव्हा उलटी करून बघ. धावदोऱ्यात पाठीवरही सुटे सुटे टाकेच दिसतात. मागे सलग दुसरा दोरा धावत असेल तर ते मशीनचं काम. हातकामात घासाघीस करू नकोस.

साड्यांची लांबी-रुंदी कळव, म्हणजे दोऱ्याचा अंदाज सांगते.

तुझी,
वासंती