लहानपणीचा ताप आणि छत्तिसाव्या वर्षीचं ऑपरेशन

संपादक महोदय, स. न. वि. वि.

पेपरात हार्टबद्दल जे येतं ते ब्लॉकेज, कोलेस्टेरॉल आणि सकाळचं चालणं एवढ्यावरच असतं, ते हवंच, पण माझ्या धाकट्या भावाला 36 व्या वर्षी सिंहगड चढताना छातीत दुखलं आणि अँजिओग्राफीत भलतंच निघालं म्हणून लिहितेय. उजवीकडची कोरोनरी आर्टरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नस, एका जागी फुगलेली, 3-4 मिमीची नस तिथे 22 मिमी. शेजारच्या चांगल्या भागाच्या दीडपट झाली की एन्युरिझम म्हणतात आणि मोठ्या माणसात 20 मिमीच्या वर गेली की जायंट. आम्ही धरून चाललो की आता फुटणार, पण जास्त भीती गुठळीची असते, फुग्यात रक्त घुटमळतं, गोठतं आणि तुकडा पुढे जाऊन अडकला की अटॅक.

सर्जननी केसपेपरच्या मागे पेनने काढून दाखवलं, फुग्याच्या अलीकडे-पलीकडे नस बांधून टाकायची आणि पायातली शीर काढून पुढच्या भागाला बायपास द्यायचा. कुणाचा फुगा कापूनही काढतात, हा आजार इतका कमी दिसतो की सगळ्यांना एकच पद्धत नाही, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं आणि आम्हाला धीर आला. ऑपरेशन नीट झालं.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. मोठ्या वयात बहुतेकदा कारण चरबीचं असतं, याचं वय बघून त्यांनी आईला विचारलं, लहानपणी मोठा ताप आला होता का? आई लगेच म्हणाली, चार वर्षांचा होता, आठ दिवस ताप, डोळे लाल, जीभ लालभडक, नंतर बोटांच्या टोकांची सालं निघाली, मी खोबरेल तेल लावायचे. तेव्हा गोवर समजून औषध दिलं होतं. आता खात्रीनं कोण सांगणार, पण डॉक्टरांना दाट संशय कावासाकीचा आहे, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराचा. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकींनी 1967 साली हा आजार मांडला. उपचार झाले नाहीत तर साधारण चारातल्या एका मुलाच्या कोरोनरीला फुगवटा येतो, आणि पहिल्या 10 दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीजचं औषध) दिलं तर तो धोका खूपच कमी होतो.

म्हणून विनंती, आरोग्य पुरवणीत हे एकदा छापा, त्या लाल जिभेच्या आणि सालं निघालेल्या बोटांच्या फोटोसकट. पाच दिवस ताप हटत नसेल आणि अशी लक्षणं दिसली तर आईबापांनी डॉक्टरांना कावासाकीचं आणि इकोचं (हृदयाच्या सोनोग्राफीचं) स्वतःहून विचारावं. आमच्या आईला तेव्हा हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आपली नियमित वाचक,
कर्वेनगर, पुणे